तिथीच्या पाऊणपट: केळशी ते दाभोळ, पायी

आमच्या घरात सहलीची तारीख शनिवार-रविवार बघून ठरते. या वेळी ती सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ठरवली. पौष शुद्ध द्वितीया ते पंचमी, म्हणजे मंगळवार ते शुक्रवार. रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘ओहोटी’ कसं लिहायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

पण दापोली तालुक्याचा किनारा पायी करायचा तर वेळापत्रक ओहोटीचंच. भरतीला पायाखाली उरते ती मऊ, कोरडी वाळू. तिच्यातून शंभर पावलं टाकली की पोटऱ्या बोलायला लागतात. चालायला हवी ती ओलसर, घट्ट पुळण. ती ओहोटीला मिळते आणि दोन गावांमधले कातळही तेव्हाच उघडे पडतात.

सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं. त्यांचा हिशेब बोटांवर चालतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ आली. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. त्याच्या साधारण सहा तास आधी ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. नवऱ्याच्या मित्राने मोबाइलवर पडताळून पाहिलं, वीसेक मिनिटांचा फरक आला. “तुमचं यंत्र मागे असेल,” सासूबाई म्हणाल्या.

आम्ही नऊ जण होतो: आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई, नणंद आणि तिचे यजमान, मित्र आणि त्याची बायको. सामान रोज रिक्षाने पुढच्या मुक्कामी जायचं. चढ आला की सासूबाईही त्याच रिक्षात बसायच्या, पुळण आली की उतरायच्या.

पहिल्या दिवशी उजाडताच केळशीच्या किनाऱ्यावर उतरलो. समुद्र इतका मागे गेला होता की मुलांना आधी तो सापडेचना. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या पसरल्या होत्या, हजारोंनी. एवढुसे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतात. मधोमध त्यांचं बीळ, भोवती गोळ्यांच्या आरा. मुलगी अर्धा तास उकिडवी बसून राहिली. आपली सावली पडली की खेकडा बिळात जातो आणि हललो नाही तर थोड्या वेळाने परत येतो, हा तिचा स्वतःचा शोध. दुपारच्या भरतीत हे सगळं पुसलं जाणार, हे कळल्यावर ती जरा रागावली, समुद्रावर.

केळशी संपते तिथे उटंबरचा डोंगर आडवा येतो. तो ओलांडून आडे, मग पाडले, मग आंजर्ले. उन्हं चढली होती आणि त्या टप्प्यातलं मला घामाशिवाय फारसं काही आठवत नाही. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेची मूर्ती आहे. वरून नारळी-पोफळींच्या पलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो, पाण्यावर ठेवल्यासारखा. हा किल्ला १७५५ साली तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला तो पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतल्यामुळे. “म्हणजे आपल्याच माणसाला हरवायला?” मुलाने विचारलं. नणदेचे यजमान इतिहासाचे दर्दी, पण त्यांनी तेवढ्यात घंटा वाजवून घेतली.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याच्या खाडीवरच्या पुलावरून हर्णै आणि पुढे मुरूड. पूर्वी इथे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, होती. पूल झाला ही गावाची मोठी सोय, पण चालणाऱ्याला पूल जरा कंटाळवाणाच. संध्याकाळी रिक्षा करून परत हर्णैला गेलो, मासळीचा लिलाव बघायला. बोटी थेट काठाला लागत नाहीत. बैलगाड्या पाण्यात घालतात, बैल पोटापर्यंत समुद्रात शांत उभे असतात आणि गाड्या मासळी घेऊन बाहेर येतात. मी हे फोटोत पाहिलं होतं. फोटोत वास येत नाही आणि बोलीचा वेगही कळत नाही. पापलेटची रास कुणाला गेली हे समजेपर्यंत पुढची सुरमई विकलेली होती.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी ते इथून साताऱ्याला पायी गेले, शंभर मैलांहून अधिक. तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. ही गोष्ट रात्री मुलांना सांगितली. मुलाचा प्रश्न एकच: “मग परत पण चालतच आले?”

चतुर्थीला घोटाळा झाला. सकाळी घावने होते, ओल्या नारळाची चटणी होती आणि नणदेच्या यजमानांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. जावयाला ‘उठा आता’ कोण म्हणणार? निघायला साडेदहा झाले. मुरूडहून कर्द्याची लांबच लांब पुळण संपेपर्यंत बारा वाजले आणि लाडघरच्या बाजूचा कातळ पाण्यात गेलेला. मित्र म्हणाला, गुडघाभरच असेल. तो चार पावलं गेला, एक लाट कमरेवर आली आणि त्याची चप्पल गेली. दगडांवर शेवाळ, हातात मुलं. मागे फिरलो.

सासूबाई तोवर मर्यादवेलीच्या पलीकडे मांडी घालून बसल्या होत्या. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूत जिथे पसरते तिथवर रोजची भरती येत नाही, म्हणून तिचं नाव मर्यादवेल. “तुम्ही जा करवंदीतून वर,” त्या म्हणाल्या. “रात्री नऊला ओहोटी आहे, मी तेव्हा येते.”

शेवटी त्यांच्यासाठी रिक्षा बोलावली. बाकीचे काटे काढत, जांभ्याच्या तापलेल्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून, दोनच्या सुमाराला लाडघरला पोचलो, मित्र एका चपलेत. जेवताना भरतीचा विषय कुणी काढला नाही. सासूबाईंनी नणदेच्या यजमानांना आग्रहाने आणखी एक सोलकढी वाढली.

पंचमीला मात्र सगळे साडेसहालाच बूट बांधून अंगणात. लाडघरहून बुरोंडी, तिथून डोंगरवाटेने कोळथरे. कोळथऱ्याला इतकी गर्द सावली होती की तिथून कुणी उठेना. पुढचा दाभोळपर्यंतचा रस्ता टमटमने केला. पायी म्हणून सांगायला निघाले तर मुलगी टोकते, म्हणून लिहून ठेवते.

दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोट गाड्या भरून घेत होती. पलीकडे धोपावे आणि तिथून गुहागर, सासूबाईंचं माहेर. आमच्या परतीच्या गाडीला दीड तास होता. त्या कठड्याला टेकून पलीकडे बघत उभ्या होत्या, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

“उद्या षष्ठी,” त्या म्हणाल्या. “साडेचारला भरती. सकाळभर पुळण मोकळी.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढून रजेचा अर्ज उघडला.