चिंचेने घासू नका

माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी लहान बशीएवढी काळपट चकती हाताला लागली, की कुणीतरी लगेच चिंच भिजत घालतं. थांबवा त्याला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायाची आठवण म्हणून इंग्रज सरकारने घरी पाठवलेली ही चकती ब्राँझची आहे आणि तो काळा-तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. चिंचेच्या आंबटाने तो थर उतरतो, चकती गुलाबी पडते. वर राख घेऊन घासलीत तर उठावाचं नावही झिजतं. आणि त्या चकतीवर आपलं असं काय ते एवढं नावच.

बाकी सगळं साहेबाचं. व्यास 120 मिमी. त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, पायाशी सिंह, दोन डॉल्फिन. कडेने इंग्रजीत लिहिलंय की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते जाऊ दे. त्या युद्धात मेलेल्यांच्या घरी अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या पोचल्या.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ब्राँझ आतून खाल्लं जातंय. खाऱ्या दमट हवेत याची भीती जास्त. अशी चकती कोरड्या जागी वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा. नाव पुसट असेल तर वर पातळ कागद धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलकेच फिरवा. अक्षरं उमटतात.

चौकटीत नुसतं नाव असतं. हुद्दा मुद्दाम वगळलाय, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. विचार चांगला, पण शोधणाऱ्याची पंचाईत. एकट्या मराठा पायदळाच्या तेव्हा 103, 105, 110, 114, 116 आणि 117 अशा सहा पलटणी होत्या, आणि सावंत, मोरे, शिंदे प्रत्येकीत. म्हणून पेटीतला एकही कागद फेकू नका. पलटणीचा किंवा शिपायाचा नंबर मिळाला की अर्धं काम झालं.

पुढचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नावं जपणाऱ्या संस्थेच्या यादीत. तिथे आपल्या शिपायांचं अख्खं नाव बहुधा आडनावाच्या रकान्यात कोंबलेलं असतं, तेव्हा आधी पहिल्या नावाने शोधा. सावंत एकदा डब्ल्यूने लिहून पाहा, एकदा व्हीने. कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय. खात्री करायची ती बापाच्या आणि गावाच्या नावावरून. नोंदीत ती असतील तर नशीब. शिपाई कुठे मेला याचा अंदाज पलटणीवरूनही लागतो. 103, 110 आणि 117 या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला तिथली फौज शरण गेली, आणि पुढे तुर्कांच्या कैदेतही पुष्कळ जण मेले.

मेसोपोटेमियात मेलेल्या ज्यांची कबर वा दहनाची जागा माहीत नाही, त्यांचं स्मारक बसऱ्याला. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. 1997 मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं.

गावातल्या संगमरवरी पाटीवरही बहुधा तेच: या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके कामी आले. चकतीवर नाव आहे, आकडा नाही. पाटीवर आकडा आहे, नाव नाही. पाटीवर ऑइलपेंटचे थर चढले असतील तर खरवडायला जाऊ नका. उन्हं कलल्यावर बाजूने उजेड पडतो, तेव्हा बोट फिरवून आकडा लागतो.