साडेचारच्या आत

साकाई म्हणजे सीमा आणि मिनातो म्हणजे बंदर. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, तोत्तोरी प्रांताच्या अगदी कडेला, धनुष्यासारख्या वाकलेल्या वाळूच्या पट्टीच्या टोकाला साकाईमिनातो वसलेलं आहे. समोर चिंचोळी खाडी आहे आणि खाडीपल्याड शिमाने प्रांत सुरू होतो, तेव्हा नाव शोभतं. गाव मासेमारीचं. अशा गावाला एके दिवशी सकाळी आठ वाजता एक क्रूझ जहाज लागतं, दोन-अडीच हजार माणसं उतरवतं आणि संध्याकाळी पाचला त्यांना घेऊन निघून जातं. मधल्या वेळाचं काय करायचं याचा विचार माणसं घरी सोफ्यावर बसून करतात, आणि इथेच हिशोब चुकतो. आठ ते पाच म्हणजे नऊ तास, असं त्यांनी धरलेलं असतं.

नऊ तास नसतातच. पाचला जहाज सुटणार तर साडेचारला, काही कंपन्यांच्या जहाजांवर चारलाच, सगळे वर हवेत. लग्नात जेवणाची पंगत तासभर लांबली तरी चालते, पण घटिका भरली की अंतरपाट धरून ठेवता येत नाही; तसंच जहाजाच्या शिडीचं आहे. म्हणून बंदरातल्या दिवसाची आखणी शेवटाकडून करायची. साडेचारच्या आधी एक तास राखीव, म्हणजे साडेतीन. सकाळी आठला जहाज लागलं तरी दोर बांधणं, सरकारी मंजुरी, लिफ्टसमोरची गर्दी यात नऊ होतातच. उरले साडेसहा तास. कागदाच्या मधोमध हा आकडा मोठा लिहून ठेवावा, म्हणजे पुढचे मोह आपोआप आटोक्यात येतात.

त्या नऊलाही एक पुरवणी आहे. आधीचं बंदर कुठलं होतं? परदेशी ध्वजाच्या जहाजाला नुसत्या जपानी बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करता येत नाही, असा तिथला कायदा आहे. त्यामुळे योकोहामाहून निघून योकोहामालाच परतणारी अशी जहाजं मध्ये एकदा परदेशी बंदराला, बहुधा कोरियातल्या बुसानला, शिवून येतात. बुसान आधी आणि साकाईमिनातो नंतर असेल, तर जपानमधला प्रवेश इथेच होणार: बोटांचे ठसे, कागद, कस्टम्स, आणि रांग. मग साडेसहाचे साडेपाच धरा. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी यात आणखी एक खोच आहे. बुसानला गेलात म्हणजे जपानमधून बाहेर पडलात, आणि परत आलात म्हणजे दुसरा प्रवेश झाला. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तोवर संपलेला असतो. तिकीट काढण्याआधीच कंपनीला हे लेखी विचारावं. कोरियाच्या व्हिसाचाही खुलासा त्याच पत्रात मागून घ्यावा.

खाण्याचं तपासणारे कुत्रे काही बंदरांत गोड चेहऱ्याने फिरतात. न्याहारीच्या टेबलावरचं सफरचंद पिशवीत टाकलेलं असतं ते नेमकं तिथे सापडतं. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ, अगदी सँडविचमधली हॅमची चकतीसुद्धा, खाली न्यायची नाही.

आता घाट. मोठी जहाजं बहुतेक करून ताकेनोउची इथल्या यूमे मिनातो टर्मिनलला लागतात. ते २०२० साली सुरू झालं. पलीकडेच ४३ मीटर उंचीचा मनोरा आणि मासळीचा बंदिस्त बाजार आहे, तिथे पायी जाता येतं. गावाचं स्टेशन मात्र चारेक किलोमीटर दूर. जहाजाची शटल बस असते, पण पहिल्या तासात सगळं जहाज तिच्यासाठी उभं असतं. गाव छोटं, त्यामुळे टॅक्सीही मोजक्याच. म्हणून एक तर अगदी पहिल्या पन्नासांत उतरा, नाही तर सावकाश चहा पिऊन तासाभराने. वाईट वेळ मधली. उतरण्याची शिडी मात्र इथे दिवसभर जवळजवळ एकाच उतारावर राहते, कारण या बाजूच्या 'जपान समुद्रा'त भरती-ओहोटीचा फरक वीतभर किंवा फार तर हातभर असतो. मुंबईच्या चार-पाच मीटरच्या उधाणाची सवय असलेल्याला हा समुद्र थोडा आळशी वाटेल. गुडघेदुखीवाल्यांना तो आवडेल.

साडेसहा तासांत काय बसतं? माहितीपत्रकात चार नावं हमखास असतात आणि त्यांतलं एक तर सरळ सापळाच आहे. साकाईमिनातो तोत्तोरी प्रांतात आहे, तोत्तोरीचे वाळूचे डोंगर प्रसिद्ध आहेत, म्हणजे ते जवळच असणार, असं वाटतं. ते प्रांताच्या दुसऱ्या टोकाला आहेत, शंभरेक किलोमीटरवर. इझुमोचं मोठं शिंतो देवस्थानही मोटारीने दीड तासाच्या घरात. ही दोन्ही नावं जहाजाच्या स्वतःच्या सहलीसाठी सोडावीत. ती सहल महाग असते, पण तिची बस अडकली तर जहाज थांबतं. आपली आपण केलेली टॅक्सी अडकली, तर ते थांबेलच असं नाही.

तिसरं नाव आदाची कलासंग्रहालयाचं, यासुगी गावाजवळ. मोह पडावा असंच आहे ते. १९७० साली उघडलं, सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मीटरची बाग, आणि जपानी बागांना वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकाने २००३ पासून वर्षानुवर्षं तिला पहिला क्रमांक दिलेला. गंमत म्हणजे या बागेत पाऊल टाकायचं नसतं. आतून, काचेच्या भिंतींमधून ती चित्रासारखी बघायची. एका खिडकीची चौकट अशी कापली आहे की बाहेरची झाडं आणि खडक म्हणजे भिंतीवर टांगलेलं चित्र वाटावं. वर्षभर एकही सुट्टी नाही, हा प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण. पण तिथे सार्वजनिक वाहनाने जायचं म्हणजे बघा: शटलने स्टेशन २० मिनिटं, आगगाडीची वाट, योनागोपर्यंत ४५ मिनिटं, पुन्हा वाट, यासुगीपर्यंत दहा मिनिटं, तिथून संग्रहालयाची मोफत बस २० मिनिटं. सगळं मिळून दोन ते अडीच तास, आणि परतीचे तेवढेच. हातात राहतो दीड तास, आणि एक गाडी चुकली तर तोही गेला, कारण इथल्या गाड्या साधारण तासाला एक. संग्रहालयाची बस लहान असते; जहाजाच्या दिवशी ती भरते. चौघांनी मिळून टॅक्सी केली तर हाच पल्ला एका बाजूने पाऊण तासाचा होतो आणि बागेसमोर निवांत दोन तास मिळतात. चौघं नसाल तर आदाची विसरा.

मात्सुए शहर हे चौथं. किल्ल्याचा मूळ लाकडी बुरूज अजून उभा आहे. देशात असे बाराच उरलेत. १६११ साली तो पुरा झाला हे सिद्ध करणाऱ्या लाकडी प्रार्थनापाट्या २०१२ मध्ये सापडल्या आणि त्यांच्या जोरावर २०१५ साली त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. आत चपला काढून जायचं, जिने उभे आणि पायाखाली गुळगुळीत. खंदकातून फिरणारी होडी मात्र कुणालाही झेपते. फेरी पन्नासेक मिनिटांची. काही पूल इतके बुटके आहेत की नावाडी होडीचं छतच खाली घेतो आणि सगळे प्रवासी नमस्काराच्या बेताने वाकतात. साकाईमिनातो स्टेशनवरून मात्सुएला थेट बस आहे, पाऊण तासाच्या आत-बाहेर, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या. वार बघून वेळापत्रक बघावं. रविवारचं निराळं असतं. आधी परतीची बस ठरवायची, मग जाण्याची.

वाटेतल्या एका पुलाबद्दल. एशिमा पुलाचं छायाचित्र सगळ्यांनी बघितलेलं असतं: आकाशात घुसणारा रस्ता आणि त्यावर मुंग्यांसारख्या चढणाऱ्या मोटारी. प्रत्यक्ष चढ आहे ६.१ टक्के, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर. खंबाटकी चढलेल्या माणसाला गाडीत बसून काही जाणवणारसुद्धा नाही. ते चित्र दुरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने, समोरून काढलेलं असतं. अशी लेन्स अंतर दाबून टाकते आणि उतार उभा करते. पूल एवढा उंच, ४४.७ मीटर, आहे तो खालून मोठी जहाजं जावीत म्हणून. तेव्हा पुलावर जाऊन पूल दिसत नाही. तो पलीकडच्या दाइकोन बेटावरून बघायचा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझा कल मात्र गावातच राहण्याकडे आहे. स्टेशनपासून सुरू होणाऱ्या सुमारे ८०० मीटरच्या रस्त्यावर पावणेदोनशेच्या वर कांस्याच्या मूर्ती आहेत, बहुतेक भुताखेतांच्या. चित्रकथाकार मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) या गावात वाढले, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी डावा हात गमावला, आणि पुढे उजव्या हाताने त्यांनी जपानच्या विस्मृतीत चाललेल्या भुतांना पुन्हा कामाला लावलं. १९९३ साली इथे २३ मूर्ती होत्या. आता रस्त्यावरचे दिवे म्हणजे एक डोळा, टॅक्सीच्या टपावरही तोच डोळा. मूर्ती बऱ्याच लहान, गुडघ्याएवढ्या. मान वर करून चालणाऱ्याला त्यांतल्या निम्म्या दिसत नाहीत. कोकणातल्या वेतोबाला आणि मुंजाला हा रस्ता परका वाटणार नाही; एक भूत आंघोळीच्या टबातली घाण चाटून साफ करतं, असं काम आपल्याकडच्या एकाही भुताने पत्करलेलं नाही.

मूर्ती बघून दीड तासात मोकळे व्हाल. मग आगगाडीत बसा, कुठे पोचायचं म्हणून नाही, गाडीसाठी. साकाई मार्ग १७.९ किलोमीटरचा, स्टेशनं १६, प्रत्येकाला एका भुताचं टोपणनाव. साकाईमिनातो म्हणजे कितारो, मिझुकींच्या चित्रकथांचा नायक, योनागो म्हणजे उंदीरमाणूस. डिझेलची एक-दोन डब्यांची गाडी, बाहेरून रंगवलेली. यात एकटा चालकच असतो. मधल्या स्टेशनवर मागच्या दाराने चढायचं, दाराजवळच्या यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढच्या पाटीवर आपल्या आकड्याखालचं भाडं वाचून तेवढे पैसे पेटीत टाकायचे. पेटी सुटे परत देत नाही. हजार येनची नोट आधी शेजारच्या यंत्रात मोडून घ्यावी लागते, आणि तेही गाडी उभी असताना. सुट्ट्यांवरून वाद घालायला एसटीसारखा कंडक्टर नाही. २०१९ पासून डब्यातच कार्ड टेकवायचं यंत्र आलंय. इकोकाचं किंवा तसलं आधी पैसे भरलेलं प्रवासाचं कार्ड असेल तर ही सगळी यातायात वाचते.

जेवण. मांसाहारी माणसाला इथे सल्ल्याची गरज नाही. खोल समुद्रातला तांबडा खेकडा देशात सर्वांत जास्त याच बंदरात उतरतो. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये त्याची पकड बंद असते, तेव्हा ताजा म्हणून कुणी पुढे केला तर विचारावं. शाकाहाऱ्यांचं अवघड आहे. नूडल्सचा रस्सा, मिसो सूप, उकडलेली भाजी, सगळ्यांत सुक्या माशाचा अर्क. सर्वांत फसवी चीज म्हणजे या प्रांताची खासियत असलेलं तोफू चिकुवा. नाव तोफूचं, पण त्यात माशाचा लगदा कालवलेला असतो. सोपा मार्ग म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातला उमे नावाचं खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, दही, केळी. आणि दाइसेन पर्वताच्या पायथ्याच्या दुधाचं आइस्क्रीम, ते खरोखर छान असतं. त्याच दुकानातल्या यंत्रातून आपल्या कार्डावर येनही मिळतात. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, तेव्हा रिकामी पिशवी सोबत. आणि छत्री. या किनाऱ्यावर म्हण आहे, जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका.

निघताना जहाजावर मिळणाऱ्या दिवसाच्या कागदाचा फोटो फोनमध्ये घ्यावा; त्यावर परतीची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. पासपोर्ट, किंवा जहाजाने तो ठेवून घेतला असेल तर उतरण्याचा परवाना, खिशात. शेवटची शटल पकडायची असं ठरवू नका, शेवटून तिसरी धरा.

आणि अर्धा दिवस हाती राहिलाच, तर खाडीवरचा पूल ओलांडून टॅक्सीने मिहोनोसेकीला जा. वीसेक मिनिटांचा रस्ता, निळसर फरशांची एक गल्ली आणि समुद्राकडे तोंड केलेलं जोडछपरांचं देऊळ. देव कोळ्यांचा, एबिसु. त्याची एक गोष्ट इथे सांगतात. तो रोज रात्री होडीने सरोवर ओलांडून प्रेयसीला भेटायला जायचा आणि कोंबडा आरवला की परतायचा. एका रात्री कोंबड्याने घाई केली, मध्यरात्रीच आरवला. देव धडपडत होडीत चढला, वल्हं हातून निसटलं, म्हणून पायाने पाणी मारत निघाला आणि त्या पायाला समुद्रातल्या जनावराने चावा घेतला. तेव्हापासून त्याला कोंबडा चालत नाही, आणि गावातले लोक पूर्वी कोंबड्या पाळत नसत, अंडीही खात नसत. देवळातून निघताना टॅक्सीवाल्याला घड्याळ दाखवून साडेतीन म्हणा. त्याला कळतं.