फोन आडवा केला की नोंदी जातात कुठे?

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचं संत्र्याच्या लिलावाच्या नोंदींचं अँड्रॉइड अ‍ॅप माझ्याकडे दुरुस्तीला आलं, तेव्हा आंबिया बहाराची आवक जोरात होती. मुनीमजींची तक्रार एका वाक्याची होती, "भाऊ, फोन आडवा केला की सगळं पुसल्या जाते." सोबत बसून पाहिलं. शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर जागच्या जागी होते. ढिगागणिक टाकलेलं वजन आणि भाव तेवढे गायब.

या फरकातच कारण सापडलं. फोन फिरवला की अँड्रॉइड चालू अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अ‍ॅपचा समोरचा पडदा, मोडून नव्यानं उभी करतं, कारण आडव्या पडद्याची मांडणी वेगळी असू शकते. लेआउट फाइलमध्ये (पडद्याची मांडणी लिहिलेली फाइल) आयडी, म्हणजे ओळखीचं नाव, दिलेल्या रकान्यांतला मजकूर सिस्टीम स्वतःच जपते. ढिगांच्या ओळी मात्र 'नवा ढीग' बटण दाबल्यावर कोडमधून बनत होत्या आणि त्यांना आयडीच नव्हता.

आयटी पार्कमधल्या मित्रांनी सुचवलं, पोर्ट्रेट लॉक कर, म्हणजे पडदा उभाच राहील, आणि मोकळा हो. मला ते पटलं नाही. तक्ता उभ्या पडद्यावर मावत नव्हता म्हणूनच मुनीमजी फोन आडवा करत होते. शिवाय डार्क मोड, भाषा किंवा अक्षरांचा आकार बदलला तरी अ‍ॅक्टिव्हिटी अशीच पुन्हा बनते. आणि अ‍ॅपनं अँड्रॉइड 16 टार्गेट केलं, की 600 डीपी (अँड्रॉइडचं पडद्याच्या मापाचं एकक) किंवा त्याहून रुंद टॅबलेटवर हे लॉक सिस्टीम जुमानतच नाही.

ढिगांची यादी मी आधी व्ह्यूमॉडेलमध्ये हलवली, म्हणजे पडदा नव्यानं बनला तरी मेमरीत टिकणाऱ्या जागेत. फोन कसाही फिरवा, नोंदी टिकू लागल्या. पण लिलावात फोन सतत वाजतो, मध्येच गाडीचा फोटो काढावा लागतो. मेमरी कमी पडली की सिस्टीम मागे पडलेल्या अ‍ॅपची अख्खी प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेलं अ‍ॅप, बंद करते आणि व्ह्यूमॉडेलही तिच्यासोबत जातं. त्यासाठी सेव्ह्ड स्टेट असते, म्हणजे प्रोसेस गेली तरी सिस्टीम अ‍ॅपसाठी जपून ठेवते ती माहिती, पण ती छोट्या गोष्टींपुरतीच: ज्या बाइंडर बफरमधून (अ‍ॅप आणि सिस्टीममधल्या देवाणघेवाणीची जागा) ती जाते तो साधारण 1 एमबीचा असतो आणि एका प्रोसेसच्या सगळ्या चालू देवाणघेवाणीला मिळून तेवढाच. त्यामुळे प्रत्येक ढीग भरताक्षणी रूम डेटाबेसमध्ये, म्हणजे फोनच्या कायम साठवणीत, लिहायचा आणि सेव्ह्ड स्टेटमध्ये फक्त चालू पावतीचा क्रमांक ठेवायचा, असं ठरवलं. शेतकऱ्याचे पैसे या आकड्यांवर ठरतात. ते फक्त मेमरीत ठेवणं मला मान्य नव्हतं.

तपासताना नुसता फोन फिरवून थांबू नका. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' (पडदा सोडताच तो मोडणारी सेटिंग) चालू करा, अर्धी पावती भरा, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत या. व्ह्यूमॉडेलच्या भरवशावर राहिलेलं सगळं तिथं लगेच उघडं पडतं.

एक गोष्ट प्रत्यक्ष वापरातच कळली. आडव्या पडद्यावर कीबोर्ड स्वतःचाच मोठा रकाना उघडून सगळा तक्ता झाकत होता. वजन आणि भावाच्या रकान्यांच्या आयएमई ऑप्शन्समध्ये (कीबोर्डसाठीच्या सूचना) 'फ्लॅग नो एक्स्ट्रॅक्ट यूआय' टाकलं, म्हणजे कीबोर्डनं तो मोठा रकाना उघडू नये. आता आकडा टाकतानाही मुनीमजींना आधीच्या ढिगाचा भाव वर दिसत राहतो.