1 ऑक्टोबर 1938चं पदक आणि त्याच्या फितीवरचा प्रागचा किल्ला

नाझी जर्मनीने 1938-39 या दोन वर्षांत शेजाऱ्यांचा प्रदेश गिळताना तीन पदकं काढली. पहिलं ऑस्ट्रियासाठी, दुसरं सुडेटनलँडसाठी (चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन भाषकांचा सीमाभाग) आणि तिसरं मेमेलसाठी (लिथुआनियाकडून घेतलेला बाल्टिक किनाऱ्यावरचा प्रदेश). गोळी न झाडता, रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनी फुलं उधळत सैन्याचं स्वागत केलं, अशी छबी प्रचारखात्याने रंगवली होती. त्यामुळे जर्मनमध्ये या मोहिमांना 'ब्लूमेनक्रीग', म्हणजे फुलांची युद्धं, असं नाव पडलं आणि पदकंही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिघांतलं मधलं पदक सगळ्यात जास्त वाटलं गेलं. अभ्यासायलाही तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

त्याचं अधिकृत नाव आहे '1 ऑक्टोबर 1938च्या स्मरणार्थ पदक'. नावात सुडेटनलँड हा शब्दच नाही, फक्त तारीख आहे. म्युनिक करारावर 29 सप्टेंबर 1938ची तारीख असली तरी सह्या 30च्या पहाटे झाल्या. जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चौघांनी तो केला. ज्याची जमीन कापली जात होती त्या चेकोस्लोव्हाकियाला चर्चेला बोलावलंही नव्हतं. 1 ऑक्टोबरला जर्मन सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं आणि 10 तारखेपर्यंत टप्प्याटप्प्याने सगळा सीमाभाग त्याच्या ताब्यात गेला. डोंगररांगांमधली चेक सैन्याची नवी कोरी तटबंदीही त्यातच गेली. 18 ऑक्टोबरला पदकाची घोषणा झाली.

पदक घडवलं म्युनिकचे शिल्पकार रिचर्ड क्लाइन यांनी. खरं तर दर्शनी बाजूसाठी त्यांना नवं काही करावंच लागलं नाही, कारण 1 मे 1938ला जाहीर झालेल्या ऑस्ट्रियाच्या पदकाचंच चित्र पुन्हा वापरलं गेलं. चित्रात उघड्या अंगाचे दोन पुरुष आहेत. एक चौथऱ्यावर उभा आहे आणि त्याच्या हातात नाझी झेंडा आहे. दुसऱ्याला तो हात देऊन वर घेतोय. या दुसऱ्याच्या उजव्या हाताला तुटलेली बेडी आहे. चौथऱ्यावर गरुड आणि त्याच्याखाली आकडेक्रॉस. (आपल्या उंबऱ्यावर काढतात त्या स्वस्तिकाशी याची गल्लत करू नये. जर्मनमध्ये याला 'हाकेनक्रॉइत्स' म्हणतात आणि अर्थाच्या दृष्टीने दोघांचा काही संबंध नाही.) बेडी कोणी घातली होती हे चित्र सांगत नाही. आधी ऑस्ट्रियासाठी आणि मग चेकोस्लोव्हाकियाच्या सीमाभागासाठी हीच बेडी वापरली गेली, यावरून ती किती सोयीची होती ते कळतं.

मागच्या बाजूला मध्यभागी तारीख आहे आणि कडेने गोल फिरणारी घोषणा: 'आइन फोल्क, आइन राइश, आइन फ्यूरर'. एक लोक, एक राज्य, एक नेता. घोषणेतले पहिले दोन शब्द, 'एक लोक', लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहेत.

दर्शनी बाजू सारखी असल्यामुळे नवखे संग्राहक तिन्ही पदकांत गोंधळतात. सरळ उपाय म्हणजे पदक उलटं करून तारीख वाचायची. 13 मार्च 1938 असेल तर ऑस्ट्रिया, 1 ऑक्टोबर 1938 असेल तर सुडेटनलँड. मेमेलच्या पदकाची मागची बाजू वेगळी आहे. तिथे ओकच्या पानांच्या वेढ्यात 'मेमेलप्रदेशाच्या घरवापसीच्या स्मरणार्थ' अशा अर्थाचा मजकूर आणि 22 मार्च 1939 ही तारीख आहे. रंगानेही मदत होते. ऑस्ट्रियाचं पदक चंदेरी, बाकीची दोन ब्राँझ. फितीवर मात्र विसंबू नका, कारण फिती सहज बदलल्या जातात. सुडेटनची मूळ फीत काळी-लाल-काळी, दोन्ही कडांना पांढरी बारीक रेघ. ऑस्ट्रियाची लाल, कडांना पांढऱ्या-काळ्या रेघा. मेमेलची हिरवी, पांढरी आणि लाल.

अस्सल पदक ठशाने ठोकलेलं असतं. त्यामुळे बोटांच्या कडा, झेंड्याच्या घड्या, अक्षरांचे कोपरे धारदार दिसतात आणि सपाट भाग गुळगुळीत असतो. नकली बहुतेक ओतीव असतात. अस्सलावरून साचा काढून त्यात धातू ओतला की थंड होताना तो आकसतो, म्हणून नक्कल किंचित लहान भरते. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजा आणि खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहा. भिंगाखाली सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, रवाळ पृष्ठभाग किंवा काठावरून फिरणारी जोडरेषा दिसली तर ते बाजूला ठेवा. अतिनील दिव्याखाली फीत निळसर-पांढरी चमकली, तर धागा किंवा धुण्याची पावडर बहुधा युद्धानंतरची आहे. पण जुनी फीत नव्या पदकाला आणि नवी फीत जुन्या पदकाला लावलेली असू शकते, त्यामुळे निकाल धातूवरच द्यावा. ब्राँझचा काळपट थर ब्रासोने घासून काढू नका. तो गेला की तपासणीचा अर्धा पुरावा गेला. पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, त्यातून सुटणारं आम्ल धातूवर हिरवट चिकट थर आणतं.

पदकं किती वाटली? सुडेटनची 11,62,617, ऑस्ट्रियाची 3,18,689 आणि मेमेलची 31,322. सैनिक, एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचे लोक, सरकारी अधिकारी आणि विलीनीकरणासाठी खटपट केलेले स्थानिक नाझी या सगळ्यांना ती मिळाली. ज्यांच्यासाठी ही 'मुक्तता' नव्हती ते त्याच दिवसांत गाठोडी बांधून देशाच्या आतल्या भागाकडे निघाले होते: चेक, ज्यू आणि नाझींना विरोध करणारे जर्मनसुद्धा. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 1938मध्ये, सुडेटनलँडमधल्या लिबेरेत्स शहरातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळण्यात आलं. पश्चिम जर्मनीच्या 1957च्या कायद्याने युद्धातली काही पदकं आकडेक्रॉस काढून वापरायची मुभा दिली, पण फुलांच्या युद्धांच्या पदकांना ती मिळाली नाही. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. ही शौर्याची पदकं नव्हतीच, ताबा घेतल्याची पावती होती.

आता फितीवरच्या पट्टीबद्दल. 14-15 मार्च 1939च्या रात्री चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष एमिल हाखा यांना बर्लिनमध्ये धमकावून देश जर्मनीच्या हवाली करणाऱ्या कागदावर सही घेतली गेली. 15ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. त्या रात्री हिटलर प्रागच्या किल्ल्यात मुक्कामाला होता. 1 मे 1939ला सुडेटन पदकासाठी ब्राँझची एक आडवी पट्टी जाहीर झाली. तिच्यावर हाच किल्ला कोरलेला आहे आणि मागच्या काट्यांनी ती फितीत अडकवली जाते. फक्त मार्चच्या मोहिमेत असलेल्यांना नुसतं पदक मिळालं. ऑक्टोबर आणि मार्च या दोन्ही मोहिमांत भाग घेतलेल्यांना पट्टीही मिळाली. अशा पट्ट्या 1,34,563 निघाल्या, म्हणजे साधारण नऊ पदकांमागे एक.

सुडेटनलँड घेताना कारण दिलं होतं की तिथले लोक जर्मन आहेत, म्हणून 'एक लोक'. प्राग चेकांचं होतं. तिथे तुटायला बेडी नव्हती आणि चौथऱ्यावर चढवून घ्यायला कुणी भाऊही नव्हता. तरीही पट्टी त्याच पदकाला, त्याच फितीवर लावली गेली. पदक छातीवर लावलं की 'एक लोक' ही घोषणा कोटाच्या कापडाकडे तोंड करून राहते आणि समोरच्याला दिसतो तो प्रागचा किल्ला.