हिटरच्या रॉडवरचा पांढरा थर

आमच्या लातूरला नळाचं पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आंघोळीला बोअरचंच, अन् बोअरचं पाणी म्हणजे नुसता क्षार. महिन्याभरात हिटरचा रॉड पांढराफटक होतो. परवा आई म्हणाली, "आरं त्याला खपल्या धरल्यात बघ, पाणी तापायला पाऊण तास लागायला, नवा आण." म्हटलं थांब, आधी दहा रुपयाचं लिंबूसत आणून बघतो.

तर झालं काय असतं, पावसाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, जरासं आंबट होतं अन् दगडातलं कॅल्शियम विरघळवून सोबत आणतं. आपण ते तापवलं की गॅस उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट रॉडला चिकटून बसतं, जिथं सगळ्यात गरम तिथंच आधी. संगमरवरात असतं तेच हे!

रॉडचा प्लग काढला (हे विसरू नका हां), लिंबूसताच्या कोमट पाण्यात बुडवला. लगेच सर्रर्र, बारीक बुडबुडे. आधी गार पाण्यात घातला होता तर निवांत चाललं होतं, कोमट केल्यावर सुटलंच, कारण कण जोरात पळतात, एकमेकांवर जास्त वेळा अन् जास्त जोरानं आदळतात. जाड खपली उलथन्यानं काढून कुटून टाकली तर तीही पटकन विरघळली, आंबट पाण्याला शिरायला जागा जास्त मिळाली ना.

शाळेत लाव्हाझिएचा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम पाठ केला होता, 1789 सालचा, पण हे बुडबुडे म्हणजे नक्की काय हे तेव्हा कुणी दाखवलंच नाही. 100 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पुरतं विरघळलं की 44 ग्रॅम वजन कार्बन डायऑक्साइड गॅस होऊन निघून जातं, बुडबुडे त्याचेच. म्हणजे उघड्या बादलीत वजन कमी भरलं तरी काही नाहीसं झालेलं नसतं, ते बाथरूमच्या हवेत फिरत असतं. कार्बन तोच, कॅल्शियम तेच, फक्त कोण कुणासोबत बसायचं ते बदललं. बादलीच्या तळाशी जो पांढरट गाळ राहिला तो कॅल्शियम सायट्रेटचा, म्हणजे कॅल्शियम लिंबूसतासोबत जाऊन बसलं त्याचा.

रॉड निघाला तेव्हा चकचकीत. आईनं हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"मग उद्यापासून परत धरंल की थर?"

"धरणारच, पाणी तेच हाय."

"मग नवा आणायचा का नाही?"