चंबळच्या वाळूवर सुसर

आम्ही भिलवडीचे. कृष्णेत मगर दिसली की आजी "सुसर आली गं" म्हणायची. खरी सुसर, म्हणजे हिंदीतलं घडियाल, मात्र बघायची राहूनच गेली होती. यंदा जानेवारीत मिरजेहून गोवा एक्स्प्रेस पकडली, ग्वाल्हेरला उतरलो आणि गाडी ठरवून मुरैना गाठलं.

आधी महामार्गालगतचं देवरीचं घडियाल केंद्र बघा. नदीकाठच्या घरट्यांतली काही अंडी आणून इथे वाळूत उबवतात आणि पिल्लं साधारण सव्वा मीटरची झाली की चंबळेत सोडतात. आम्ही होतो तेव्हा टाकीत जिवंत मासोळ्या सोडल्या. पिल्लू झेप घेत नाही. ढिम्म पडून राहतं, मासोळी बगलेला आली की काडीसारखं तोंड सपकन आडवं मारतं, मग ती डोक्याकडून वळवून गिळतं. माझा अर्धा तास तिथेच गेला.

१९७० च्या दशकात भारतात मोकळ्या नद्यांत दोनशेसुद्धा सुसरी उरल्या नव्हत्या. १९७५ मध्ये मगर-सुसर प्रकल्प आला, पाठोपाठ चंबळ अभयारण्य. आज जगातल्या बहुतेक सुसरी याच नदीत आहेत.

नावेसाठी धौलपूरच्या अलीकडचा राजघाट. आम्ही हौसेने साडेसहालाच हजर! धुकं असं की समोरचा काठ दिसेना, आणि नावाडी नऊशिवाय हलेना. त्याचंच बरोबर होतं. थंडीत ऊन तापल्यावरच सुसरी वाळूवर येतात, तेव्हा दहानंतर जा. दुर्बीण हवीच, भडक कपडे नकोत, नावेचं भाडं आधी ठरवा.

अकराच्या सुमारास नर दिसला. नाकाच्या शेंड्यावर मडक्यासारखा गोळा, म्हणजेच घडा. घडियाल नाव त्यावरूनच. "बोलना मत," नावाडी कुजबुजला. पण आमच्यातल्या एकाला तेव्हाच शिंक आली.

मादी मार्च-एप्रिलमध्ये उंच, कोरड्या वाळूत तीस-पन्नास अंडी घालते. वरच्या धरणांतून अवेळी पाणी सुटलं तर घरटं बुडतं, आणि वाळूच उपसून नेली तर घालायला जागाच उरत नाही. पाणचिरा हा पक्षीही वाळूच्या बेटांवरच अंडी घालतो. केंद्रात कितीही पिल्लं वाढवली तरी काठ हवाच. अभयारण्यात उपशाला बंदी आहे. तरी परतताना वाळूचे ट्रॅक्टर आडवे आलेच. आमच्या कृष्णाकाठचं आठवून मी गप्पच बसलो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं नदीत बघायची तर जून, पण तिथला उन्हाळा सोसणार असाल तरच. पावसाळ्यात जाऊ नका.

मुरैन्याची गजक घ्यायची ती परतताना. आम्ही आधीच घेतली, ती नावेची वाट बघतानाच संपली.