तुम्ही विचारलंत म्हणून: पेमेंट प्रोसेसर कोणता घ्यावा?

छोटा व्यवसाय ऑनलाइन आणायचं ठरलं की हा प्रश्न येतोच: "सगळ्यात स्वस्त पेमेंट प्रोसेसर कोणता?" (प्रोसेसर म्हणजे ग्राहकाने कार्डाने भरलेले पैसे तुमच्या खात्यात पोहोचवणारी कंपनी.) सोबत दोन-तीन कंपन्यांच्या दरांचे स्क्रीनशॉट असतात. एकीकडे २.४ टक्के, दुसरीकडे २.९. या अर्ध्या टक्क्यावर लोक आठवडा घालवतात आणि करारातलं पैसे रोखून धरण्याचं कलम न वाचताच सही करतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. दर शेवटी बघा.

कारण असं की प्रोसेसर तुम्हाला एका अर्थाने उधारी देत असतो. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले की दोन-तीन दिवसांत ते तुमच्या खात्यात जमा होतात. पण "हा व्यवहार मी केलाच नाही" किंवा "माल मिळालाच नाही" असं बँकेला सांगून पैसे परत मागायला ग्राहकाकडे साधारण १२० दिवस असतात. पुढच्या तारखेची कार्यशाळा किंवा आरक्षण विकत असाल तर हे दिवस बहुतेक वेळा सेवेच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणजे मुदत आणखी लांबते. मधल्या काळात तुम्ही गाशा गुंडाळलात तर ग्राहकाचे पैसे प्रोसेसरच्या किंवा त्याच्यामागच्या बँकेच्या खिशातून जातात. एवढी कागदपत्रं का मागतात, विक्री अचानक वाढली की खातं का गोठवतात, याचं मूळ इथे आहे.

ही जोखीम तपासायच्या दोन पद्धती आहेत. स्ट्राइप, पेपाल, स्क्वेअर यांसारख्या कंपन्या तुम्हाला आपल्या छत्राखाली घेतात. नोंदणी काही मिनिटांत होते आणि खरी तपासणी पैसे येऊ लागल्यावर सुरू होते. दार सताड उघडं, झडती आत गेल्यावर. बँकेकडून स्वतःचं मर्चंट खातं, म्हणजे कार्डाचे पैसे स्वीकारायचं व्यापारी खातं, काढलंत तर उलट: आधी दोन-तीन आठवडे कागदपत्रं, बँक स्टेटमेंट, व्यवसायाची माहिती, पण नंतरचे धक्के कमी. सुरुवात करणाऱ्याने पहिला मार्ग धरावा. विक्री नियमित आणि भरीव झाली की दुसऱ्याची बोलणी करावी.

झडती कशामुळे लागते हे ठाऊक असेल तर बरंच टळतं. महिन्याची विक्री एका दिवसात होणं, सरासरी ऑर्डर एकदम पाचपट होणं, माल तीन महिन्यांनी द्यायचा असताना पूर्ण पैसे आगाऊ घेणं, ही नेहमीची कारणं. आणखी एक कारण अगदी साधं आहे: अर्जात लिहिलेला व्यवसाय वेगळा आणि वेबसाइटवरचा माल वेगळा. प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी वर्गवारी कोड मिळतो. पुस्तकांच्या दुकानाचा ५९४२. पुस्तकांच्या नावाने खातं काढून पुढे वजन घटवायच्या गोळ्या विकायला लागलात तर खातं गोठणार, आणि तक्रारीला जागा नसणार. म्हणून नोंदणीआधी त्यांची निषिद्ध व्यवसायांची यादी वाचा. मोठा सेल लावणार असाल तर आठवडाभर आधी ईमेलने कळवा: किती ऑर्डर अपेक्षित आहेत, माल हातात आहे का, किती दिवसांत पोहोचेल. फोनवर सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

करारात 'रोलिंग रिझर्व्ह' हे शब्द शोधा. प्रत्येक व्यवहारातला काही भाग, बऱ्याचदा १० टक्के, १८० दिवस राखून ठेवायची ही सोय असते. महिन्याला १,००,००० ची विक्री असेल तर सहा महिन्यांनी ६०,००० अडकलेले असतात. जुने सुटतात, नवे अडकतात, आकडा तिथेच. नफाच १५ टक्के असेल तर त्यातला दोन तृतीयांश सतत दुसऱ्याच्या तिजोरीत. अशा ठिकाणी अर्धा टक्का स्वस्त दर घेऊन काय करायचं? कलम असणं गैर नाही. ते केव्हा लागू होतं, किती टक्के, किती दिवस आणि आधी सूचना देतात का, हे लेखी मागा. खातं बंद करण्याची वेळ आलीच तर प्रकरण तिथेच संपेल असंही नाही. मास्टरकार्डची 'मॅच' नावाची यादी आहे. नियमभंगामुळे ज्यांची खाती बंद झाली त्यांची नावं तिथे पाच वर्षं राहतात आणि नवा प्रोसेसर खातं देण्याआधी ती यादी चाळतो.

जोखीम दुसऱ्या बाजूनेही असते, आणि हे सहसा कुणी विचारत नाही. तुमचे पैसे तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी कुणाच्या नावावर असतात? जून २०२० मध्ये जर्मनीतली वायरकार्ड ही पेमेंट कंपनी कोसळली. ताळेबंदातले १.९ अब्ज युरो प्रत्यक्षात नव्हतेच. तिच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीचं काम नियामकाने काही दिवस थांबवलं आणि तिच्यावर विसंबलेल्या ॲपमधले लोकांचे पैसे तेवढे दिवस हाताला लागेनात. तेव्हा ग्राहकांचा पैसा कंपनीच्या स्वतःच्या पैशापासून वेगळ्या, संरक्षित खात्यात ठेवला जातो का, हे विचारा. आणि शिल्लक प्रोसेसरकडे साठू देऊ नका. सेटलमेंट, म्हणजे जमलेले पैसे तुमच्या बँकेत पाठवणं, रोजचं लावता येत असेल तर रोजचं लावा.

आता दर. त्यात तीन थर असतात: ग्राहकाच्या बँकेला जाणारं इंटरचेंज, व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कचं शुल्क आणि प्रोसेसरचा स्वतःचा हिस्सा. पहिल्या दोनांत प्रोसेसरच्या हातात फारसं काही नसतं. युरोपीय संघात ग्राहकांच्या डेबिट कार्डावरचं इंटरचेंज कमाल ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डावरचं कमाल ०.३ टक्के असं २०१५ च्या नियमाने बांधलेलं आहे. इतर अनेक देशांत ते बरंच जास्त असतं. म्हणून एका देशातला दर दुसऱ्या देशातल्या दराशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. सरसकट एकच दर सांगणारी योजना समजायला सोपी, पण स्वस्त डेबिट कार्डांचा फायदा त्यात प्रोसेसरला होतो. तिन्ही थर वेगळे दाखवणारी योजना मोठ्या विक्रीला परवडते. तिचं बिल वाचायला मात्र संयम लागतो.

छोट्या ऑर्डरवाल्यांनी टक्क्यापेक्षा प्रत्येक व्यवहारावरची ठरावीक रक्कम बघावी. दर २.५ टक्के अधिक ३ असेल तर १०० च्या ऑर्डरवर ५.५० जातात, म्हणजे साडेपाच टक्के. तोच दर २,००० च्या ऑर्डरवर ५३ होतो, म्हणजे २.६५ टक्के. आपली सरासरी ऑर्डर काढून हाच हिशेब प्रत्येक प्रोसेसरसाठी करा. त्यात परदेशी कार्डाचा अधिभार, चलन बदलण्याचा दर, शुल्कावरचा कर आणि मासिक भाडं मिळवा. रिफंडचं विसरू नका: बरेच प्रोसेसर रिफंड केल्यावर मूळ शुल्क परत देत नाहीत.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहा. मंगळवारी १,००० च्या पाच ऑर्डर आल्या. वरच्याच दराने प्रत्येकी २८, एकूण १४० शुल्क. त्याच दिवशी गेल्या आठवड्यातल्या एका ग्राहकाला १,००० परत केले. गुरुवारी बँकेत जमा झाले ३,८६०, एकाच ओळीत, सोबत एक लांबलचक क्रमांक. वहीत ३,८६० विक्री लिहिलीत की हिशेब बिघडलाच. विक्री ५,०००, रिफंड १,०००, शुल्क १४० असं वेगवेगळं लिहावं लागतं. यासाठी प्रत्येक सेटलमेंटमागे कोणते व्यवहार आहेत हे दाखवणारा, डाउनलोड करता येणारा अहवाल हवा. डेमो घेताना आधी तो उघडायला सांगा. तो नीट नसेल तर दर कितीही गोड असो, महिनाअखेरीला तुमचा हिशेबनीस तुम्हाला शिव्या घालेल.

चार्जबॅकमध्ये, म्हणजे ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागितले की, तीन गोष्टी कामाला येतात. पहिली, ग्राहकाच्या स्टेटमेंटवर दिसणारं नाव. जागा साधारण २२ अक्षरांची असते. तिथे दुकानाच्या नावाऐवजी कायदेशीर नोंदणीचं अनोळखी नाव छापलं गेलं की ग्राहक "हे काय आहे?" म्हणत थेट बँकेला फोन लावतो. माझ्या अंदाजाने छोट्या व्यवसायांचे निम्मे चार्जबॅक एवढ्या एका बदलाने टळतील. दुसरी, थ्री-डी सिक्युअर, म्हणजे ओटीपी किंवा बँकेच्या ॲपमधली मंजुरी. ती पार पडली असेल तर "कार्ड मी वापरलंच नाही" या तक्रारीचा भुर्दंड सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. "माल मिळाला नाही" या तक्रारीला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही. तिथे पोचपावती, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहारच लागतो. तिसरी, मुदत. पुरावे द्यायला थोडेच दिवस मिळतात आणि सूचना येते ईमेलवर, तीही अनेकदा कुणी न उघडणाऱ्या पत्त्यावर. मुदत चुकली की प्रकरण हरलात. तक्रारीचं शुल्क तर बऱ्याच ठिकाणी जिंकूनही परत मिळत नाही.

कार्डाचा क्रमांक आपल्या सर्व्हरवर घेऊ नका. प्रोसेसरच्या पानावर पाठवणारी किंवा त्यांची चौकट आपल्या पानात बसवणारी पद्धत घ्या. पीसीआय डीएसएस या सुरक्षा नियमांखाली तेव्हा सर्वात लहान प्रश्नावली भरावी लागते. क्रमांक स्वतः हाताळलात तर सर्वात मोठी. सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायला पूर्ण मनाई आहे, एक्सेलमध्येही आणि व्हॉट्सॲपवरही.

जोडणी करणाऱ्या डेव्हलपरला तीन प्रश्न विचारा. ग्राहक 'धन्यवाद' पानावर पोहोचला म्हणून ऑर्डर पक्की धरली आहे का? तसं असेल तर चूक आहे: पैसे कापले गेले आणि त्याच क्षणी ग्राहकाचं नेट गेलं तर ऑर्डर नोंदलीच जात नाही. प्रोसेसरच्या सर्व्हरकडून येणारा वेबहुक, म्हणजे 'पैसे मिळाले' असं कळवणारा आपोआप आलेला संदेश, त्याची डिजिटल सही तपासून, प्रमाण मानायचा. तोच वेबहुक दोनदा आला तर माल दोनदा जाईल का? आणि रक्कम कुठल्या एककात पाठवली आहे? बरेच प्रोसेसर सर्वात लहान नाण्यात, जसं रुपयाऐवजी पैशात, रक्कम मागतात, म्हणजे १,००० साठी १,००,०००. जपानी येनला दशांश नसतात आणि कुवेती दिनारला तीन असतात. सगळीकडे डोळे झाकून १०० ने गुणलं तर येनमधल्या ग्राहकाकडून शंभरपट पैसे कापले जातात. दान किंवा 'हवी ती रक्कम भरा' असं पान असेल तर किमान रक्कम ठेवा आणि प्रयत्नांवर मर्यादा घाला. चोरलेली कार्डं चालतात का हे बघायला बॉट अशीच पानं हुडकतात, आणि फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाचं शुल्क तुमच्या माथी येऊ शकतं.

मासिक वर्गणी घेणाऱ्यांनी सोडून जाण्याची वाट आधीच बघून ठेवावी. ग्राहकांची कार्डं प्रोसेसरकडे टोकनच्या, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायच्या सांकेतिक क्रमांकाच्या, रूपात असतात आणि ती टोकनं दुसरीकडे चालत नाहीत. "आम्ही गेलो तर कार्डांचा डेटा नव्या प्रोसेसरला थेट, सुरक्षितपणे द्याल का, किती दिवसांत?" याचं उत्तर 'नाही' असेल तर पुढे प्रत्येक ग्राहकाला कार्ड पुन्हा भरायला सांगावं लागेल, आणि त्यातले बरेच भरणार नाहीत.

एवढं झाल्यावर दोन नावं उरतील. दोघांच्या मदतकक्षाला शुक्रवारी संध्याकाळी एक नेमका प्रश्न पाठवा, उदाहरणार्थ रिझर्व्ह केव्हा लागतो, आणि उत्तर माणसाचं येतं की छापील, ते बघा. मग खऱ्या कार्डाने स्वतःच्याच दुकानातून छोटी खरेदी करा. स्टेटमेंटवर काय नाव आलं, पैसे कितव्या दिवशी आले, किती आले, हे टिपा. दुसऱ्या खरेदीचा अर्धा रिफंड करा आणि तो अहवालात कसा दिसतो ते पाहा. जो निवडाल त्याला मुख्य ठेवा. दुसऱ्याचं मासिक भाडं नसेल तर त्याचंही खातं मंजूर करून, जोडून, बंद न करता ठेवून द्या आणि महिन्यातून एखादा व्यवहार त्यावरून करा.